लय चुकवणारा तारा

सकाळचं ऊन त्या खोलीत कधी घाईनं येत नसे. आधी ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळे, मग कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीतून गाळून, फिकं होऊन, खिडकीच्या गजांशी येई. तिथून टेबलाच्या कडेवर उतरे, पेल्यातल्या पाण्यात क्षणभर थरथरे आणि अखेर मांजरानं अंग सैल सोडावं तसं फरशीवर पसरे. त्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत. ऊन सरकलं की ते नव्हतेच असं वाटावं, इतके निमूट. दवाखाना उघडण्यापूर्वी ते पाहत बसणं हा त्याचा नेमच होता.

कानांच्या त्या दवाखान्यात तो श्रवणचाचण्या घेई. चार माणसांत त्याची जीभ टाळूला चिकटे, पण दुसऱ्याला काय ऐकू येतं हे मोजण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज आईही सोबत आली होती. काल ताई फोनवर चिडली होती. "अरे, आईला ऐकू येत नाही! मी काही विचारलं की ही भलतंच बोलते. वेळेवर कानाला मशीन लावलं नाही तर पुढे शब्द समजेनासे होतात, हे तूच मला सांगितलं होतंस ना?"

"ताई, चाचणी मी स्वतः घेतो. तिच्या ऐकण्याचा आलेख उत्तम आहे."

"आलेखाला काय करायचंय? तिला 'पाऊस आला का?' विचारलं, तर म्हणते, 'हो, तिखट झालाय जरा!'"

तो हसला होता. ताईला राईचा पर्वत करायची सवय होती. तरी तिच्या समाधानासाठी पुन्हा एकदा चाचणी घेऊ, असं त्यानं कबूल केलं होतं.

आई बाहेरच्या बाकावर मासिक चाळत बसली आणि त्यानं संगणक उघडला. तेव्हा ती मेल आली.

रेडिओ दुर्बिणीनं आकाशातून टिपलेल्या लहरींच्या नोंदी इतक्या अफाट असतात, की त्या चाळायला संशोधकांचे संगणक पुरे पडत नाहीत. म्हणून जगभरातले हौशी लोक आपले रिकामे बसलेले संगणक त्यांना वापरू देतात. त्याचा संगणकही दवाखाना बंद असताना असेच तुकडे चाळी. काउंटरवरच्या मावशी यावरून त्याला चिडवायचं सोडत नसत. "तारे नंतर शोध म्हणावं. आधी माझा चष्मा शोधून दे."

"तो तुमच्या डोक्यावर आहे, मावशी."

मेल त्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि उभा राहिला. त्याच्या संगणकाला एक पल्सार सापडला होता. मेलेल्या ताऱ्याचा तो गरगर फिरणारा गाभा. दर फेरीला एक ठोका धाडणारा. आजवर तो कुणालाच दिसला नव्हता. सगळ्यांनी समान अंतराचे ठोके शोधले, आणि हा तर एका अदृश्य जोडीदाराभोवती फिरत होता. आपल्याकडे येताना त्याचे ठोके दाटीनं येत, दूर जाताना विरळ होत. लय चुकते हे गृहीत धरून शोधलं, तेव्हा तो सापडला.

"मावशी," त्याचा आवाज चिरकला, "मला तारा सापडला!"

"अगं बाई! खरंच? मग आईला सांग की आधी!"

मेलसोबत ध्वनीची फीत होती. माणसाच्या कानाला कळावा म्हणून ठोका सावकाश केलेला, आणि अख्खी प्रदक्षिणा काही क्षणांत आखडून आणलेली. त्यानं आईला हात धरून आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडून हातवारे करून सांगितलं, ऐक. आई सवयीनं सावरून बसली. या खोलीत ठोका ऐकू आला की बोट वर करायचं, हे तिला पाठ होतं.

त्यानं फीत सुरू केली.

आईचं बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर. तो पडद्यावर लहरींची शिखरं पाहत होता. ती जवळ येऊ लागली, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावू लागली. आईचं बोट संथच होतं. शिखरं विरळ झाली, लांब लांब गेली. बोट संथच. मग फीत संपली, पडद्यावरची रेघ सपाट झाली, आणि काचेपलीकडे बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर.



बोटाच्या दोन उचलींमधलं ते अंतर त्याच्या ओळखीचं होतं. ते त्याचंच होतं. शिकताना त्याला बजावलं होतं, 'लय चुकवायची असते, नाहीतर न ऐकताही माणूस बोट वर करतो.' प्रत्येक रुग्णासाठी तो ती चुकवी. आईसाठी मात्र कधीच नाही. आपल्याच आईला कसला सापळा लावायचा? तिच्यासाठी तो मऊ, समान अंतरानं कळ दाबत गेला होता, तिनं बोट उचललं की हसत गेला होता, आणि ती त्या हसण्यासाठी बोट उचलत गेली होती.

तिनं हेडफोन काढले, दार उघडलं. चेहरा उजळलेला. "किती छान रे! अगदी घड्याळासारखा!"

मावशी दारातून पुढे आल्या होत्या, त्याचा चेहरा पाहून त्या जागीच थबकल्या.

त्याला वाटलं, अजूनही दुसरं काही कारण असेल. वायर सैल असेल. त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून फीत पुन्हा चालवली. ठोके खणखणीत होते.

मग, रुग्णांसमोर करतो तसं, त्यानं एक कोरा कागद तोंडापुढे धरला, ओठ दिसू नयेत म्हणून.

"आई, तुला माझा आवाज येतोय का?"

कागदावरून त्याला फक्त तिचे डोळे दिसत होते. ते त्याच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होते. मग तिनं हसून मान डोलावली.

"हो हो, जाऊ या घरी."

आईला ऐकू येत नव्हतं.