तीन वेळा कायम

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत जिला सगळे ‘ताई’ म्हणत, ती बाई गेली नऊ वर्षं हंगामी होती. हंगाम कसला, ते विचारू नका. सहा महिन्यांचं पत्र संपलं की दोन दिवस घरी बसायचं, तिसऱ्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांचं पत्र घ्यायचं. कायद्याच्या डोळ्यांत धूळ घालायला दोन दिवस पुरतात म्हणे. आता मात्र नव्या अध्यक्षबाई आल्या होत्या आणि हंगामी माणसांना घरी पाठवायची यादी शुक्रवारच्या बैठकीत येणार होती. यादीत पहिलं नाव ताईचं होतं.

तसं मुख्य संपादकांनी, म्हणजे सरांनी, तिला तीन वेळा कायम केलं होतं. भर सभेत, माईक हातात घेऊन! माईक दिसला की सरांना जाहीर करायची उबळच यायची. खुर्च्या जाहीर झाल्या, लिफ्ट जाहीर झाली. लिफ्टच्या जागी अजून खड्डा आहे. त्यात कोणी पडू नये म्हणून वर फळी टाकली आहे. नऊ वर्षांत कोश ‘ए’ अक्षरापासून निघून पुन्हा ‘ए’वरच आला होता, कारण मध्येच सरांनी सुधारित आवृत्ती जाहीर केली होती.

पहिल्या वेळी ताईनं घरी मिठाई नेली आणि सासऱ्यांनी ती अख्ख्या इमारतीत वाटली. दुसऱ्या वेळी अर्धाच डबा नेला. तिसऱ्या वेळी तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि निमूट जागेवर येऊन बसली. सासरे मात्र रोज संध्याकाळी दार उघडताना विचारायचे, “काय सूनबाई, पत्र?” शेजाऱ्यांची नजर चुकवत म्हातारा जिना उतरायचा. ताईला नोकरीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

आणि नेमका ‘अनाउन्स’ हा शब्द ताईच्या टेबलावर आला.

कोशाचा नियम कडक होता. उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही, घडलेलंच हवं. कधी, कुठे, कोणाच्या बाबतीत, हे कार्डावर लिहायचं आणि खाली सरांची सही घ्यायची. नियम सरांनीच केलेला. “बावीस वर्षांत एक खोटं कार्ड गेलेलं नाही,” हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यांच्या बोलण्यातली तेवढी एकच गोष्ट खरी होती.

ताईनं अर्थ लिहिला: जाहीर करणे, सर्वांसमोर सांगणे. खाली तीन कार्डं जोडली. तीन तारखा, तीन सभा, आणि वाक्य एकच: ‘ताईंची नोकरी कायम झाल्याचे मुख्य संपादकांनी जाहीर केले.’ सर फोनवर कुणाला तरी काहीतरी जाहीर करत होते. बोलता बोलता त्यांनी गठ्ठ्यातल्या शंभर कार्डांवर सह्या ठोकल्या. गुरुवारी छापील तपासणी-प्रत अध्यक्षबाईंकडे गेली.

शुक्रवारी सकाळी सरांनी ती प्रत उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो ताई, हे काय लिहिलंत? काढा आधी ते!”

“खुशाल काढते, सर. कार्डावर ‘खोटं’ असं लिहून सही करा, की काढलंच.”

“खोटं कसं लिहू? मी बोललो होतो ना तसं.”

“मग खरं आहे तर.”

“खरं म्हणजे... तसं खरं नाही हो ते!” सरांनी घाम पुसला. “बघू, बैठकीत बघू.”

बैठकीत अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर ओढला. त्यांनी एका हातात कोशाचं पान धरलं, दुसऱ्या हातात यादी. “इथे म्हणताय ही बाई तीनदा कायम झाली. आणि इथे म्हणताय तिला काढा. मला एवढंच सांगा, कार्डं खोटी की यादी खोटी?”

ताई कार्डं घेऊन दाराशी उभी होती. सरांची ती बावीस वर्षं एका पारड्यात होती आणि दुसऱ्यात ही हंगामी बाई. अखेर ते उठले आणि सवयीनं माईककडे वळले. “मी आज या ठिकाणी जाहीर करतो की—”

“माईक ठेवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पेन घ्या.”

सरांनी कायम केल्याचं पत्र लिहिलं. दोन ओळी लिहायला पाऊण तास लागला. त्यातल्या दोन चुका ताईनं जागच्या जागी सुधारल्या आणि खाली सही, शिक्का घेतला. शिक्का जरा तिरका पडला.

संध्याकाळी दार उघडलं. “काय सूनबाई, पत्र?”

ताईनं कागद पुढे केला. सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, मग उजेडात धरून शिक्का पाहिला. त्यांचे डोळे भरून आले.

“मिठाई आणू, बाबा?”

“मिठाई नको गं. ती दोनदा खाल्लीय लोकांनी.” त्यांनी कागद जपून तिच्या हातात दिला. “याच्या वीस झेरॉक्स काढून आण. यंदा त्याच वाटतो.”

ताई चप्पल न काढताच परत जिना उतरली.