एक खाट, चार खांदे

हेलिकॉप्टर चालवायला शिकून गुलाब पोळ्याला आपल्या गावी, आंजीत आला, तेव्हा त्याचा निम्मा जीव अजून आभाळातच होता. सुट्टी संपताच त्याला वायुदलाला कळवायचं होतं, की पुढं काय शिकणार: नव्या वैमानिकांना शिकवायचं, की डोंगरातली जखमी माणसं स्ट्रेचरवर उचलून आणायचं. रक्त पाहिलं की तो तोंड फिरवायचा. म्हणून बापाचं म्हणणं त्याला सोयीचंच वाटलं.

"मास्तर होय," किसनराव म्हणाले. "लोक गुरुजी म्हणतीन. मुडदे उचलाचं काम माह्या पोरानं काऊन करावं?"

किसनरावांचं डोकं म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, ठिणगी पडायचाच अवकाश. पोळ्यात तोरणाखाली पहिली बैलजोडी त्यांची, असा त्यांच्या घराचा मान. यंदा भावकीतल्या तानबानं आपली जोडी पुढं दामटली. किसनरावांनी बैलबंडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली आणि तानबाच्या डोक्यात घातली. कवटी फुटल्याचा आवाज वाजंत्र्यांनाही ऐकू गेला. तानबाच्या भावानं कुऱ्हाड फिरवली, ती किसनरावांच्या मांडीत रुतली. मग काय विचारता! काठ्या, दगड, ज्याला जे सापडेल ते. बिथरलेले बैल माणसं तुडवत सुटले. सकाळी याच माणसांनी त्या बैलांना पुरणपोळी भरवली होती. लाज वाटावी अशी गोष्ट.

साक्षीला ओढतील म्हणून गावानं दारं लावून घेतली. गुलाबसोबत तिघेच उरले. दोन्ही जखमींना बंडीत घातलं, तर नाल्याच्या काळ्या चिखलात बंडी आसापर्यंत रुतली. जवळच्या झोपडीत एक खाट मिळाली. सडकेपर्यंत खांद्यावरच न्यायचं होतं, आणि खांदे चारच.

गुलाबनं दुपट्ट्यानं बापाची मांडी करकचून आवळली. रक्त मंदावलं. तानबाचे डोळे मात्र पांढरे झाले होते, घसा घरघरत होता.

"तानबाले उचला," गुलाब म्हणाला.

"गुलाब! मी बाप होय तुहा!"

"तुमची मांडी बांधली, बाबा. त्याची कवटी कशी बांधू?"

किसनरावांनी आईमाईवरून शिव्या दिल्या, मूठभर चिखल फेकून मारला. गुलाबनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचा पाय उचललाच नसता.

सडकेवर ट्रक मिळाला आणि तानबा वाचला. रिकामी खाट घेऊन गुलाब धावत परतला, तेव्हा बापाच्या मांडीचा दुपट्टा सुटला होता. कळ सोसवेना म्हणून त्यांनीच ओढला, की सरपटताना निघाला, देव जाणे. रक्त थांबलं होतं, कारण अंगात उरलंच नव्हतं.

तानबाच्या भावाला पोलीस घेऊन गेले. तेरवी झाली. गुलाबची आई आनंदाबाई, तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. तो निघाला त्या सकाळी तिनं विचारलं, "मास्तरच होशीन ना? त्याइची तेवढी तरी इच्छा ठेव."

"नाई, माय. जखमी उचलाचं शिकतो."

"बापाले टाकून परक्याले उचललं, तेवढ्यानं पोट नाई भरलं?"

"त्या हेलिकॉप्टरले दोन स्ट्रेचर राह्यते, माय. दोन्ही बाजूले एक एक."

आनंदाबाईनं फाडकन त्याच्या तोंडात मारली. ओठ फुटला.

"म्हंजे दोघंबी दवाखान्यात गेले असते?"

"हो."

तिनं त्याला आणखी एक मारली, आणि मग हंबरडा फोडला.