तेवीस वर्षांचा गुडघा

माझा गुडघा या कॉलेजात जितक्या लोकांनी पाहिलाय, तितका माझ्या बायकोनंही पाहिला नसेल. हसू नका, खरं तेच सांगतोय. शरीरक्रिया विभागाच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शक मोजून कपाटात लावायचे, खाटकाकडून बकऱ्याची हृदयं आणून पोरांच्या ट्रेमध्ये मांडायची, ही माझी नोकरी. पण नोकरी वेगळी आणि मान वेगळा. प्रयोगशाळेत फळ्यासमोर एक लाकडी खुर्ची आहे, बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत इतकी उंच. तेवीस वर्षं त्या खुर्चीत मी बसलो.

पोरं पुस्तकात वाचून येतात, पण नाडी पुस्तकाला नसते, माणसाला असते. ती मोजायला समोर कुणीतरी जिवंत लागतो. तो मी. माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायला शिकलेली पोरं आज मोठमोठ्या दवाखान्यांत खुर्च्या उबवतायत. माझ्या छातीवर पेन्सिलीनं हृदयाची सीमा आखता आखता एकीनं तर गुदगुल्या करून मला खुर्चीतून पाडलं होतं. आणि सगळ्यात गाजलेला माझा गुडघा. वाटीच्या खाली एक जाड शीर असते. पाय लोंबता ठेवून तिच्यावर रबरी हातोडीनं टिचकी मारली की पाय आपोआप उडतो. मेंदूला विचारायला जात नाही, पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो. माझा पाय असा उडायचा की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकायची. 'काका, परत एकदा,' म्हणायची. मी म्हणायचो, 'मार की, तुझ्या बापाचं काय जातंय!'

आणि मग गेल्या वर्षी हा आला.

हा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बत्तीस वर्षांचा, कामधंदा सुटून घरी बसलेला. बायकोनं रोज उठून टुमणं लावलं, 'शब्द टाका ना विभागात. सख्खा मेहुणा आहे तुमचा.' टाकला शब्द. विभागात एक जागा होती, लागला. हातानं धोंडा उचलून पायावर पाडून घेणं म्हणतात ते हेच.

पहिल्या महिन्यातच स्नायूंचा तास होता. मॅडमना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, उघड्या पाठीचा माणूस हवा होता. मी सदरा काढायला लागलो तर त्या म्हणाल्या, 'आज यांना बसू द्या.' त्यानं सदरा काढला आणि वर्गात एकदम शांतता झाली. लेकाच्या अंगावर चरबीचा कण नाही. खांद्याचा स्नायू इथून निघाला, तिथं जाऊन चिकटला, सगळं बाहेरून दिसतंय. हाताच्या शिरा तर अशा वर आलेल्या की आंधळ्यानंही सुई टोचावी. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'हा तर चालताबोलता नकाशा!' झालं. तेव्हापासून तो नकाशा. मॅडमसुद्धा हसल्या. तेवीस वर्षांत माझ्या पाठीकडे बघून कुणी हसलं असेल, पण शांत कुणी झालं नव्हतं.

पुढे एकेक तास त्याच्याकडे गेला. आधी स्नायू, मग नाडी, मग रक्तदाब. त्याची नाडी बसल्या जागी छप्पन्न. पोरं घड्याळ बघून 'वा' करायची. यात 'वा' करण्यासारखं काय आहे, सांगा मला! नाडी काय त्यानं कमावली? आणि एक दिवस मॅडम मला म्हणाल्या, 'गुडघ्यालाही आता यांनाच बसवू. तुम्ही ट्रे बघा.' वर हातात एक चिठ्ठी दिली, उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या म्हणून. मी मनात म्हटलं, वा रे बहाणा! काढायचं तर सरळ काढा, आजारी कशाला पाडता? चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

माझ्या पोटात दुखत होतं, हो. लपवत नाही. तो खुर्चीत बसला की मी कोपऱ्यात ट्रे धूत असायचो आणि ट्रेपेक्षा माझेच दात जास्त घासले जायचे. घरी जावं तर तिथंही तेच. बायको ताट वाढता वाढता म्हणायची, 'आज म्हणे सगळ्या वर्गानं माझ्या भावाचं हृदय ऐकलं. किती स्पष्ट ऐकू येतं म्हणे!' मी म्हटलं, 'आत काही नसलं की आवाज घुमतोच.' दोन दिवस बोलली नाही. आणि तो स्वतः? तो इतका गरीब स्वभावाचा की भांडायचीही सोय नाही. 'दाजी, तुम्ही असे बसायचात ना? पाय असाच ठेवू ना?' मलाच विचारायचा. एखाद्यानं उद्धट तरी असावं, म्हणजे माणसाला रीतसर जळता येतं.

आता एक गोष्ट सांगतो. ही मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

नकाशा यायच्या वर्षभर आधीची गोष्ट. एका पोरीनं हातोडी मारली आणि माझा पाय उडाला नाही. तिनं परत मारली. नाहीच. पोर रडवेली झाली, तिला वाटलं आपलंच चुकतंय. मी म्हटलं, 'जरा खाली मार, बाळ.' तिनं मारली आणि मी पाय उडवला. म्हणजे मीच उडवला, मुद्दाम. पोर खूश, मॅडम पुढे गेल्या, मी घाम पुसला. त्यानंतर प्रत्येक तासाला मी हातोडीवर डोळा ठेवून बसायचो. हातोडी खाली आली की पाय वर. मनाला सांगायचो, आजकालच्या पोरांच्या हातात जोरच नाही, पूर्वीची पोरं कशी दणकून मारायची. बाविसेक वर्षं पाय खरा उडाला होता, थोडे दिवस मी उडवला तर काय बिघडलं? सराव होता. कुणाच्या बापाला कळलं नाही, असं मला वाटत होतं.

तर वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार. सहा टेबलं, दर पाच मिनिटांनी घंटा झाली की पोरं पुढच्या टेबलावर. चौथ्या टेबलापाशी ती उंच खुर्ची. आणि खुर्चीच्या यादीत नाव नकाशाचं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी खुर्चीत मी नव्हतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीचे तास एकवेळ घे बाबा, पण परीक्षा? परीक्षकांशी मॅडम माझी ओळख करून द्यायच्या, 'हे आमचे काका, निम्मा विभाग यांच्यावर चालतो.' ते आता याला ऐकायला मिळणार!

आमच्याकडे एक नियम आहे. खुर्चीत बसणाऱ्यानं आधी पाव तास गप्प बसून राहायचं. चहा नाही, जिना नाही, बडबड नाही. नाहीतर नाडी चढते आणि पोरांचे आकडे चुकतात. हा नियम नकाशाला मीच शिकवला होता. पहिल्या घंटेला दहा मिनिटं होती. तो भिंतीपाशी शहाण्यासारखा डोळे मिटून बसला होता. मी गेलो आणि म्हटलं, 'अरे, वजनांच्या पेट्या वर तिसऱ्या मजल्यावरच राहिल्या. माझं कंबरडं धरलंय. आणतोस?'

'दाजी, पण ते गप्प बसायचं...'

'लिफ्टनं जा, काय होतंय!'

लिफ्ट बंद होती. मला माहीत होतं. पेट्या दोन होत्या, म्हणजे दोन खेपा, हेही माहीत होतं. आणि त्या पेट्यांची त्या दिवशी गरज नव्हती, हे तर सगळ्यात चांगलं माहीत होतं.

तो परत आला तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला. मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. 'एकशे बारा! कुणी सांगितलं तुम्हाला जिना चढायला?' त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं. तो म्हणाला, 'माझंच चुकलं, मॅडम.'

घंटेला दोन मिनिटं. मी पुढे झालो, 'मी आहे ना, मॅडम.' त्या थांबल्या. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल, पण त्यांचा चेहरा उतरला. परीक्षकांना म्हणाल्या, 'सर, यांच्यावर नुसती नाडी आणि रक्तदाब घेऊ या. गुडघा राहू दे.' परीक्षक वयस्क, सावकाश बोलणारे. म्हणाले, 'यादीत गुडघा आहे ना? मग होऊ दे की.'

मी खुर्चीत चढलो. काय सांगू तुम्हाला, माहेरी आल्यासारखं वाटलं. नकाशा कपाटापाशी उभा राहून धापा टाकत होता. मी त्याच्याकडे बघून हसलोसुद्धा. एवढा हलकट मी त्या दिवशी होतो.

पहिली पोरगी आली. नाडी मोजली, रक्तदाब घेतला, मग हातोडी उचलली. हातोडी खाली, पाय वर. झकास. दुसरा आला. हातोडी खाली, पाय वर. परीक्षक चष्म्याच्या वरून बघत होते. तिसऱ्या पोराची पाळी आली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, 'दे, मी दाखवतो.' हातोडी हातात घेतली, चांगली वर नेली आणि सपकन खाली आणली.

माझा पाय उडाला. हातोडी गुडघ्याच्या दोन बोटं वरच थांबली होती.

सगळी प्रयोगशाळा हसली. पोरंच ती, हसणारच. पाय तसाच हवेत, हातोडी तशीच हवेत, आणि मी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघतोय. परीक्षक हसले नाहीत. मॅडमही हसल्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाय दाखवून केलं.

'डोळे मिटा,' परीक्षक म्हणाले. 'दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा.' ही युक्ती मला माहीत होती. लक्ष हातांकडे गेलं की गुडघा लबाडी करू शकत नाही. मी ओढली बोटं. टक्. टक्. टक्. तीन वेळा हातोडी बसली आणि तीनदा काही झालं नाही. दुसरा गुडघा. तिथंही नाही. आता कुणी हसत नव्हतं.

'कंप काटा द्या,' ते कुणाला तरी म्हणाले. टेबलाच्या कडेवर तो आपटल्याचा आवाज आला. हा काटा आपटला की थरथरतो, आणि हाडावर ठेवला की ती थरथर आत जाणवते. पोरांना मॅडम हे माझ्या पायाच्या अंगठ्यावर शिकवायच्या, तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. 'थरथर थांबली की सांगा,' परीक्षक म्हणाले. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ गेला.

शेवटी मीच म्हटलं, 'ठेवा ना, सर.'

'केव्हाचा ठेवलाय,' ते म्हणाले.

मी डोळे उघडले. काटा माझ्या अंगठ्यावर होता आणि अजून थरथरत होता. मला तो दिसत होता, पण जाणवत काही नव्हतं. मी तेवीस वर्षं त्या खोलीत काढलीत, हे काय असतं ते मला कुणी सांगायला नको. साखरेनं पायाच्या नसा खाल्ल्या होत्या. मॅडम हळूच म्हणाल्या, 'चिठ्ठी दिली होती ना मी तुम्हाला? ते रक्त तपासलं का?' मी मान हलवली, नाही. त्यांना गुडघ्याचं आधीच कळलं होतं. मला खुर्चीतून काढलं ते माझी अब्रू चारचौघांत जाऊ नये म्हणून. आणि मी ती खुर्ची लबाडीनं परत मिळवून अब्रू घालवायला बसलो होतो.

परीक्षक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'काका, तुमची हरकत नसेल तर एक विचारतो. निरोगी गुडघा कुणाचाही मिळतो. हे असं मुलांना परत बघायला मिळणार नाही. बघू देता?'

मी म्हटलं, 'बघू द्या.'

मग बाकीची टेबलं थांबली आणि चाळीस पोरांची रांग माझ्यासमोर लागली. एकेक जण येई, हातोडी मारी, थांबे, वहीत लिही. 'दुखत नाही ना, काका?' असं प्रत्येकानं विचारलं. पूर्वी कुणी विचारत नसे. मी माझ्या पायाकडे बघत होतो. प्रत्येक हातोडीला वाटायचं, आता तरी उड. देवाशपथ सांगतो, एकदा जरी तो आपणहून उडाला असता, तर मी ती खुर्ची, तो मान, सगळं सोडून आयुष्यभर ट्रे धूत बसलो असतो.

नकाशाकडे कुणी बघतही नव्हतं. तोच मग रांगेच्या कडेनं माझ्याजवळ आला. त्याची धाप गेली होती, नाडी पुन्हा छप्पन्नावर आली असणार. मी त्याला म्हटलं, 'आता तू बस रे इथं. मला उतरव.'

त्यानं माझा हात धरला, पण उतरवलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, 'बसा दाजी. अजून पंचवीस जण आहेत. खुर्ची तुमचीच आहे.'