वाफ जाते कुठे

ड्रायर फिरत होता, पण तापत नव्हता. एम्लिनने आत हात घातला. चादर घातली तेव्हा होती तशीच, गार नि ओली. दोरीवर वाळत घालायचा प्रश्नच नव्हता; वेल्समधल्या या खोऱ्यात पाऊस एकदा टेकडीवर बसला की आठवडाभर उठत नाही. शर्ट, मोजे, टॉवेल खुर्च्यांच्या पाठींवर लोंबत होते आणि मागच्या खोलीच्या भिंतीला काळी बुरशी धरली होती.

त्याची बायको ग्वेंडा उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मुलगी, रियान, कार्डिफहून रोज फोन करी. या रविवारी ती येणार होती. तिने सांगूनच ठेवलं होतं की घर असंच ओलं असेल तर बाबांनी आपल्याकडे राहायला यायचं. खोली रिकामी केली आहे. एम्लिनला जायचं नव्हतं. जन्मभर त्याने याच खोऱ्यात पावाची गाडी चालवली होती. पण वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. कपडे वाळले तर वाद घालावाच लागणार नव्हता.

त्याने प्लग काढला आणि यंत्र भिंतीपासून ओढलं. जाळीत अडकलेला कापसासारखा धुरळा काढला. फ्यूज ठीक होता. मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. यंत्र फार तापलं की वीज तोडणारी एक लहानशी चकती आत असते, ती गेली होती. बसने जाऊन नवी आणली, बसवली. ड्रायर तापला. एम्लिनने चहा टाकला, आणि तो पिऊन होतो न होतो तोच यंत्र पुन्हा गार.

तो जमिनीवरच बसून राहिला. नवी चकतीही गेली, म्हणजे दोष चकतीचा नव्हता. गरम हवा आतच कोंडत होती. उठावंसं वाटेना. शेवटी बसल्याबसल्याच त्याने मागचा जाड पाइप सोडवला, तर त्यातून पाणी गळालं. वाफ बाहेर जातच नव्हती.

पावसातच तो घरामागे गेला. पाइपची वाफ जिथून बाहेर पडते त्या भिंतीतल्या भोकावर प्लास्टिक चिकटवलेलं होतं, चारही कडांना चिकटपट्टी, एक सुरकुती नाही. इतकं निगुतीचं काम गल्लीत एकच माणूस करी. तो, शेजारचा इडवल, कुंपणापाशी उभाच होता. यंत्राशी चाललेली खटपट त्याने खिडकीतून पाहिली होती. यंत्र आतून दुरुस्त होईना म्हणून आता भिंत दुरुस्त करतोस का, असं त्याने विचारून घेतलं.

"हे तू केलंस?"

इडवलचा चेहरा उतरला. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांच्या फटी बुजवत फिरे.

"वारा येत होता रे त्यातून. तुझा ड्रायर तर कधी ऐकूच यायचा नाही. तू दिसायचास खिडकीतून, अंगात कोट घालून बसलेला. दार वाजवलं तर उठायचा नाहीस. म्हटलं, निदान वारा तरी बंद करू."

एम्लिनला दार वाजलेलं आठवत नव्हतं. भांडायचं त्याच्या मनात होतं, ते तिथेच राहिलं. तो पट्टी सोलायला लागला, पण थंडीने बोटं चालेनात. इडवल कुंपण ओलांडून आला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

"निघेना की. भलतीच पक्की चिकटवलीस," एम्लिन म्हणाला.

"करायचं तर नीट करावं."

चकतीसाठी पुन्हा बस. इडवल सोबत आला आणि वाटभर स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिला. संध्याकाळी चादर वाळून निघाली. एकट्याला तिची घडी जमेना. एम्लिनने ती तशीच गोळा करून पलंगावर ठेवली.

रियानचा फोन आला. कपडे वाळले, एवढंच तो सांगणार होता. पण त्या भोकाचं सांगता सांगता कोटाचं आणि दाराचंही सांगून गेला.

"मग रविवारी मी न्यायला येऊ का, बाबा?"

"जेवायला ये," तो म्हणाला. "भिंतीची बुरशी तशीच आहे. ती माझ्या एकट्याच्याने निघायची नाही. तुझ्या नवऱ्यालाही म्हणावं, जुने कपडे घालून ये."