खळ दिलेला फोटो

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि भयंकर चिडलेला आहे. आपली हकीकत गोड आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. जमणार नाही.

माझा जन्म १९२१ साली बेळगावच्या कॅम्पातल्या एका स्टुडिओत झाला. शहापूरचा विणकर नागोजी, त्याची बायको अंबुबाई आणि तिच्या मांडीवर दोन महिन्यांची जयवंता. फोटोवाल्याने बजावलं, कोरड्यात ठेवा, बोटं लावू नका. नागोजी 'व्हय' म्हणाला. माझ्या बाबतीत त्याने दाखवलेलं तेवढंच शहाणपण.

त्याच वर्षी अंबुबाई तापाने गेली. तिचा चेहरा जगात फक्त माझ्याजवळ उरला. नागोजी मला रोज हाताळायचा, त्यामुळे माझे कोपरे मऊ पडले. आता विणकराला मऊपणावर एकच औषध माहीत. मागावरच्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत तुटू नये म्हणून तो त्याला तांदळाची खळ देतो. त्याने मलाही दिली. कुंच्याने, पुढून-मागून. अंबुबाईच्या चेहऱ्यावर मायेने दोन हात जास्त. वाळल्यावर मी पापडासारखा कडक झालो. शेजारच्या गुणाबाईने मला टिचकी मारून पाहिलं आणि 'लई घट झाला रं' म्हणून शाबासकी दिली. मला नव्हे, त्याला.

मग माझी रवानगी ट्रंकेत, अंबुबाईच्या लुगड्यांखाली. जयवंता आई बघायला मागायची, तेव्हा नागोजी म्हणायचा, लहान हातांनी खराब होईल, लगीन ठरल्यावर दावतो. इकडे आत कसर, ती खळीला चटावलेली कागदातली कीड, मला खात होती. जिथे खळ जाड, तिथूनच तिने सुरुवात केली.

पंधरा वर्षांनी निपाणीचं स्थळ ठरलं. ट्रंक उघडली. मांडी होती, बाळ होतं, बांगड्या भरलेले दोन हात होते. मानेच्या वर भोक.

"आप्पा, हिला बघायचं म्हणून एवढी वर्सं थांबलो की मी," जयवंता म्हणाली.

"घट ऱ्हावा म्हणून दिली गं खळ."

"कशी दिसत हुती, तेवढं तरी सांग."

नागोजी 'नाक' एवढंच म्हणाला, पुढचं त्यालाही आठवेना, आणि तो उठून मागावर जाऊन बसला.

जयवंताने मला निपाणीला नेलं. आज दहा वर्षं मी तिच्याकडे कोरड्या कागदात आहे. तिची पोरं मला कडेने धरतात आणि हातांकडे बोट दाखवून 'ही आजी' म्हणतात. तिचा राग गेलेला नाही. माझाही नाही.

मित्रांनो, फोटो कोरडे ठेवा, कडेने धरा, त्यांना काही चोपडू नका. आणि ज्याला दाखवायचे त्याला याच आठवड्यात दाखवा. कसर कुणाचं लग्न ठरायची वाट बघत नाही.