अकरा चाळीसचा उतार

हृदयाचे ठोके नोंदणाऱ्या यंत्राची गोल चिकटपट्टी सुटता सुटेना – छातीवरची पातळ झालेली कातडी तिच्याबरोबर ओढली गेली... आणि तपासणीच्या खाटेवर पडलेल्या तिला वाटलं, तीस वर्षं ह्याच कामात आपण लोकांच्या छातीवरून ह्या अशाच ओरबाडून काढल्या, एकदाही कोणाला विचारलं नाही, दुखतंय का म्हणून.

"सावकाश, मॅडम," टेक्निशियन म्हणाली. तिच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. चोवीस तासांचं यंत्र तिने संगणकाला जोडलं, रात्रीचे ठोके पडद्यावर उलगडले. "झोपेत नाडी फारशी उतरत नाहीये. पण ह्या वयात चालायचंच, तुम्हीच तर शिकवलंत."

शिकवलं खरं. वय वाढलं की दिवसाच्या नि रात्रीच्या ठोक्यांतलं अंतर कमी होतं – हे वाक्य तिने किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल... बाबांच्याही. बाबांना यंत्र तिनेच लावलं होतं. झोपण्या-उठण्याच्या वेळा टिपायला सोबत दिलेल्या वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'साडेनऊ – झोपलो'. आणि आलेखात नाडी अकरा चाळीसपर्यंत ऐंशीच्या घरात, मग एकदम उतार, थेट साठावर. "तुमचं हृदयही तुमच्यासारखंच हट्टी हो बाबा, वेळेवर झोपायचं नाव नाही!" ती म्हणाली होती. बाबा नुसते हसले होते.

तिची उशिराची पाळी असायची तेव्हा. घरी पोचून ती दाराला कडी घालायची ती अकरा चाळीसलाच. बाबांच्या खोलीत अंधार. त्यांची झोपमोड नको म्हणून चपला हातात घेऊन, चोरपावलांनी... अगं बाई! सगळ्या गावाच्या नाड्या वाचणारी मी, शहाणपणा मिरवणारी, आणि घरातलं माणूस झोपेचं सोंग घेऊन कडीच्या आवाजाची वाट बघतंय, हे मला दिसू नये? दिसलं कधी, तर आज. ते जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

"तुमची वही कोरीच आहे, मॅडम. झोपलात किती वाजता?"

साडेनऊ म्हणावं, की झालं. तिने पडद्यावरची स्वतःची रेघ पाहिली – दहा, अकरा, बारा, एक... सपाट. कुठेच उतार नाही.

"जागीच होते. दोन वाजेपर्यंत तरी."

"का हो? काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. पडल्या पडल्या कान दाराकडे लागलेले होते, एवढंच. कडी तर तिने आठलाच लावली होती, आणि घरी यायचं असं बाहेर कोणी राहिलंच नव्हतं.