ललिताबाईच्या घरी कढई चढली

आमच्या गावात ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी वर्षभर कढई चढत नाही. भात होतो, वरण होतं, पोळीही होते; तळण मात्र नाही. सण आला की आजूबाजूच्या घरांनी फराळ करायचा, त्या घरी न्यायचा आणि समोर बसून बळजबरीनं खाऊ घालायचा. आणि त्या घरचं सणाचं म्हणून कोणी काही तोंडात टाकायचं नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही. पण मोडून बघा.

माझे सासरे केवळराम, मी त्यांना मामाजी म्हणायची, भादव्यात गेले. धान निसवत होता तेव्हा. मोहाडीपासून आत, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. त्यात ख्रिस्ती घर आमचं एकच. बाकी सारं इतरांसारखंच. तेच धान, तोच चिखल, तेच कंबरेचं दुखणं. फरक एवढाच की आम्ही रविवारी तुमसरला प्रार्थनेला जातो आणि डिसेंबरात आमच्या अंगणात बांबूवर तारा चढतो.

मामाजींना आमच्याच शेताच्या काठी मातीत ठेवायचं होतं. तुमसरहून मंडळी आली, सोबत पेटी आली. त्या मंडळींनीच पेटी उचलली. आणि आमच्या टोलीतले, म्हणजे वस्तीतले, सारे बाप्ये बोरिंगजवळ हात बांधून उभे राहिले. ज्या माणसानं यांच्या एकेका मयतीला रात्र-रात्र लाकडं फोडली, त्याच्या पेटीला गावातला एक खांदा मिळाला नाही. मी तेव्हाच ठरवलं, या गावाशी आपला संबंध दळणापुरता.

नंतर दिवाळी आली. समोरच्या गोदावरीबाईंचा मुलगा चंद्रकुमार उन्हाळ्यात मोटरसायकलवर गेला होता, तुमसरच्या रस्त्यावर. त्यांच्या घरी फराळाची ताटं आली, ठेवायला जागा उरली नाही. आमच्या दारात चकलीचा एक तुकडा आला नाही. का, तर दिवाळी तुमची थोडीच. अरे, सण आमचा नसेल, मेलेला माणूस तर आमचा होता ना?

माझ्या सासूबाई, ललिताबाई, मात्र उठून कामाला लागल्या. तलावातले शिंगाडे उकडले, टोपलीत घातले आणि समोर घेऊन गेल्या. गोदावरीबाई मुलगा गेल्यापासून अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या. सासूबाई रोज संध्याकाळी जायच्या. सांत्वन वगैरे काही नाही. दोघी सुपात तांदूळ घेऊन खडे काढत बसायच्या. तांदळात खडे नसले तरी.

आमचे पास्टर फोनवर मला म्हणाले, "शुभांगीताई, या नाताळात दुःखितांना धीर द्या."

मी म्हटलं, "साहेब, दुःखित आम्हीच आहोत. आम्हाला कोण देणार ते सांगा."

त्यांनी फोनवरच प्रार्थना सुरू केली. चांगला माणूस आहे, पण फोनवर फार बोलतो.

धान कापून झाला, पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले, रिकाम्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं दिसू लागलं. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "शुभांगी, फळीवरची मोठी कढई काढ."

"काहून?"

"काहून म्हंजे? करंज्या कराच्या ना वो. सांजेपर्यंत साऱ्या टोलीत गेल्या पाहिजे."

"आत्याबाई, कोणाले खाऊ घालता? जे बोरिंगपाशी उभे होते त्याईले?"

"त्याईलेच. दुसरे कोणी आहेत का गावात?"

"अन घेतलं नाही तं? वर्ष कुठं झालं मामाजीले? तुमच्या हातचं कोणी तोंडात टाकन का?"

त्या खोबरं किसत होत्या, ते किसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लगन करून आली तेव्हापासून हर घरी माही करंजी गेली. तुह्या मामाजीनं ताटं वाहिली. यंदा नाही गेली तं गाव म्हणन, केवळराम मेला अन त्याचा येशूबी मेला. अन कोणी घेतली नाही, तं मले समजन."

"का समजन?"

"मी या गावची होती, का नुसतीच राहून गेली."

मी कढई काढली. पण म्हटलं, "मागच्या सांदीत चूल मांडतो. निदान धूर तरी दिसणार नाही."

"चोरून तळू का आता? तो का चोरून जन्मला होता?"

"गोठ्यातच जन्मला होता, आत्याबाई."

"गोठ्यात, पण आभायात तारा लावून. मांड अंगणात."

अंगणात, बरोबर रस्त्यासमोर, आम्ही चूल मांडली. मी करंज्या भरायची, त्या तळायच्या. मध्येच त्या उठून बाजूला जायच्या, पदरानं तोंड पुसायच्या, परत यायच्या.

"धूर लागते का?" मी विचारलं.

"रडाले येते. तेलावर रडलं तं तेल उडते, म्हणून बाजूले जातो."

असं होतं ते. कोणाला वाटेल विश्वासाची बाई म्हणजे हसतमुखानं गाणी म्हणत तळत असेल. तसलं काही नाही. दर घाण्याला उठत होत्या. पण घाणा चुकवत नव्हत्या.

दुपार कलली तशी रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं मान वळवून बघू लागली. थांबत कोणी नव्हतं. पहिली परात भरली. मी ताटावर फडकं टाकलं आणि म्हटलं, "कोणाकडं नेऊ आधी?" सासूबाईंच्या हातातला झारा थांबला. इतका वेळ त्या तळणात लपल्या होत्या, आता नेण्याची वेळ आली होती. त्यांचं तोंड उतरलं. "थांब जराशी," म्हणाल्या. "हा घाणा होऊ दे."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून बायका आल्या. पाच-सहा जणी नाही, सारी टोली. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. आणि सगळ्यांच्या पुढं, रिकाम्या हातांनी, गोदावरीबाई. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा अंगणाबाहेर दिसल्या.

मला वाटलं, भांडायला आल्या. कढई बंद कर म्हणायला आल्या. मी पदर खोचला.

गोदावरीबाईंनी चुलीकडं बघितलं, कढईकडं बघितलं. तिथंच थबकल्या. मागच्या बायका त्यांच्यावर आदळता आदळता राहिल्या.

"ललिता! कढई चढवली तू?"

"हौ," सासूबाई म्हणाल्या.

मागून मोना बोलली, आमच्या शेजारच्या भैयाजींची बायको. "मी म्हटली ना, वास यांच्याच घरून येऊन राहिला! तुमी म्हटलं, नाही वो, ललिताबाईच्या घरी यंदा कढई कशी चढन."

"अवो पण आमी कायले मंग घरोघरी तेल जाळलं?" दुसरी म्हणाली आणि हातातल्या ताटावरचं फडकं बाजूला केलं. लाखोळीचे वडे होते. तिसरीच्या ताटात अनारसे. मोनाच्या ताटात चकल्या, अर्ध्या मोडलेल्या.

मला कळेना. मी म्हटलं, "हे का आहे?"

"फराळ हाय, दिसत नाही का?" गोदावरीबाई म्हणाल्या. "तुमच्या घरचा पयला सण ना हा. दिवाळी तुमची नसते, म्हणून दिवाळीले कोणी आलं नाही. मी म्हटलं, नाताळ आला, आता कढई चढत नाही ललिताच्या घरी, तं आपणच नेलं पाहिजे. माह्या घरी तं मलेच तळता येत नाही. तुमाले दिसू नये म्हणून सकाळीच मागच्या दारानं निघाली अन दार-दार फिरून राहिली, ये बाई तू वडे कर, ये बाई तू दिवाळीच्या उरलेल्या पिठाचे अनारसे कर."

आमचा सण त्यांनी स्वतःच्या कायद्यात बसवून घेतला होता. आम्हाला न विचारता. अशी चूक करायला माणसं या गावचीच पाहिजेत.

मी नरमायला हवं होतं. पण माझं तोंड तसं नाही. मी म्हटलं, "हे सारं समजते तुमाले. मंग भादव्यात का झालं होतं? पेटीले हात लावाले काहून नाही आला कोणी?"

कुंपणाजवळ भैयाजी उभे होते, बायकोच्या मागं मागं आलेले. त्यांनी घसा साफ केला. "सूनबाई, आमाले का मालूम तुमच्यात कोण खांदा देते? तुमसरची लोकं आली, कोटपँटवाली, त्याईनं पेटी उचलली. आमी उभे राहून वाट पाहून राहिलो का कोणी म्हणन, या बाप्पा, लावा हात. कोणी म्हटलंच नाही."

"विचाराचं होतं ना!"

"बोलावाचं होतं ना!"

"मयतीत कोणी बोलावत असते का?"

"तेच तं मी म्हणतो! आमाले वाटलं, तुमच्यात बोलावत असतील!"

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. त्यामुळे दोघांचाही आवाज चढला. बायका मध्ये पडल्या, मोनानं नवऱ्याला ओढलं, कोणी मला ओढलं, आणि या गोंधळात चुलीकडं कोणाचंच लक्ष राहिलं नाही. सासूबाई तर झारा हातात धरून नुसत्या उभ्या होत्या.

"अवो, जळून राहिल्या ना त्या!" गोदावरीबाई ओरडल्या. आणि धावत आल्या, सासूबाईंच्या हातातला झारा हिसकला आणि भराभर करंज्या उलटल्या. उलटल्या, निथळल्या, परातीत काढल्या. दोन काळ्या पडल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. हातातली सवय काही विचारत बसली नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं.

साऱ्यांच्याच लक्षात आलं. ज्या बाईच्या घरी कढई बंद, त्या बाईनं मेलेल्याच्या घरच्या कढईत झारा घातला होता.

गोदावरीबाई झाऱ्याकडं बघत म्हणाल्या, "ललिता, मी तं झारा धरला. आता का होते?"

सासूबाई म्हणाल्या, "करंजी निघते."

आधी मोना हसली. मग सारीच हसायला लागली, भैयाजीसुद्धा. गोदावरीबाई हसता हसता खाली बसल्या आणि बसल्या बसल्या रडायला लागल्या. मोठ्यानं, पोटातून. सासूबाई त्यांच्याशेजारी बसल्या. या वेळी कोणी तेलापासून बाजूला गेलं नाही.

"तुले कसं जमते वो?" गोदावरीबाईंनी विचारलं. "तुह्या घरात माणूस नाही अन तू सण करते. मले तं सकाळी उठाचाबी राग येते."

"मलेबी येते," सासूबाई म्हणाल्या. "पण तो येशू लेकरू होऊन आला, मातीतलं माणूस पुन्हा उठन म्हणाला, म्हणून तं मी माह्या माणसाले मातीत ठेवू शकली. नाहीतं मी पेटी सोडली नसती. त्याचे आभार कधी मानू मंग? वर्ष झाल्यावर? आज आला तो, आजच मानतो. रडत मानतो."

गोदावरीबाईंना पटलं असं मी म्हणणार नाही. पण ऐकलं त्यांनी.

मग आणलेली ताटं आम्ही घेतली. आधी सासूबाईंना एक वडा बळजबरीनं खाऊ घालण्यात आला, कायद्याप्रमाणं. मग प्रश्न उरला तोच, आमचं कोणी घेईल का. आमच्याकडं रिकामं भांडं कोणी कोणाला परत देत नाही, घासभर काहीतरी त्यात टाकावंच लागतं. सासूबाईंनी मोनाचं ताट उचललं, त्यात करंज्या ठेवल्या आणि पुढं केलं. मोनानं ताट घेतलं नाही. तिनं गोदावरीबाईंकडं पाहिलं. सगळ्याजणी गोदावरीबाईंकडं बघायला लागल्या, कारण फराळाचं सारं त्यांनीच मांडलं होतं. आता त्या काय म्हणतात?

गोदावरीबाई उठल्या. नाक पुसलं. म्हणाल्या, "माह्याजवळ ताट नाही, ललिता." आणि त्यांनी पदर पसरला.

सासूबाईंनी त्यात करंज्या टाकल्या. किती टाकल्या त्यांचं त्यांना कळलं नसेल, मला मात्र वाटलं आता दुसऱ्यांना उरणार नाहीत. गोदावरीबाईंनी त्यातली एक मोडली आणि तिथंच, सर्वांसमोर, तोंडात टाकली. मग मोनानं ताट घेतलं. मग सगळ्यांनी. "मले त्या काळ्यातली एक द्या," भैयाजी कुंपणावरून म्हणाले, "कडक चांगली लागते." त्यांना मी माझ्या हातानं दिली. काळी तर काळी. मागितली होती ना.

त्यांनी करंजी खाल्ली, हात झटकले आणि कोणालाही न विचारता पडवीतला तो लांब बांबू खांद्यावर घेतला. मामाजींनी मागच्या वर्षी कामट्यांचा केलेला तारा अजून त्याला बांधलेला होता, कागद फाटलेला. माझा नवरा धनंजय चिखल्याच्या खाणीत पाळीवर होता, उद्या येणार होता. तो आला की तारा लावू असं आमचं ठरलं होतं. भैयाजींनी हाक मारली, बोरिंगजवळून दोघं-तिघं आले आणि खांब उभा झाला. या वेळी कोणी कोणाची वाट बघितली नाही.

दर वर्षी तारा चढला की मामाजी प्रार्थना करायचे आणि टोलीतली पोरं जोरात आमेन म्हणायची. एकदा गोदावरीबाईंनीच विचारलं होतं, "भाऊ, आमेन म्हंजे का?" मामाजी म्हणाले होते, "म्हंजे हौ. देवाले हौ म्हणाचं."

आज सासूबाई मला म्हणाल्या, "शुभांगी, तू कर प्रार्थना."

मला गोड प्रार्थना येत नाही. मी डोळे मिटले आणि जे होतं ते बोलले. म्हटलं, देवा, मी तुझ्यावर चिडले होते. गावावरही. थोडी अजून आहे, तुला माहीतच आहे, लपवून काय करू. पण तुझे उपकार. या बायकांसाठी उपकार, त्यांच्या मोडक्या चकल्यांसाठी उपकार. भैयाजीसाठीसुद्धा. आमचे मामाजी दिलेस, त्यांची करंजी अजून चालू ठेवलीस. गोदावरीबाईंना आज दारातून बाहेर काढलंस, त्यासाठी सगळ्यात जास्त. उद्याही काढ. एवढंच.

सासूबाई "आमेन" म्हणाल्या.

मी डोळे उघडले. गोदावरीबाई ताऱ्याकडं बघत होत्या, तोंडात करंजी होती, ती त्यांनी घाईघाईनं गिळली.

"हौ," त्या म्हणाल्या.